पेटरने काढलेली पृथ्वी

मुलांनो, चित्रकलेच्या तासाला 'चांदणी रात्र' हा विषय दिला की तुमच्यापैकी बहुतेक जण काय काढतात ते आम्हा शिक्षकांना अगदी पाठ झालेले असते. दोन डोंगर, मधून वाहणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी एक वाकडे नारळाचे झाड आणि वरच्या कोपऱ्यात चंद्र. कुणाचा चंद्र कंपासने काढलेला, तर कुणाचा बाटलीच्या बुचाभोवती पेन्सिल फिरवून काढलेला! त्यात चूक काहीच नाही. आपण जमिनीवर उभे असतो, चंद्र वर असतो. जसा दिसतो तसा काढायचा.

पण एका मुलाने हे चित्र उलटे केले. म्हणजे कागद उलटा धरला नाही हं! तो मनाने चंद्रावर जाऊन उभा राहिला आणि तिथून आपली पृथ्वी कशी दिसेल ते त्याने काढले. पुढे चंद्रावरचे उंच, टोकदार सुळके आणि त्यांच्यापलीकडे काळ्या आकाशात लटकलेली पृथ्वी. साधी पेन्सिल, आणि कागद केवढा? तुमच्या छोट्या वहीच्या पानाएवढा. चित्राचे नाव 'चंद्रावरील देखावा'.

त्या मुलाचे नाव पेटर गिन्झ. चित्र काढले तेव्हा तो चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होता, आणि तो होता कुठे? उंच तटबंदीच्या आत कोंडलेला. त्याला गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकायचीसुद्धा परवानगी नव्हती. त्याचे हे चित्र पुढे अंतराळात गेले. एकदा गेले ते परत आलेच नाही. म्हणून मग दुसऱ्यांदा गेले! त्याचीच ही हकीगत.

पेटरचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ चा, प्राग शहरातला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. प्राग ही तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाची राजधानी. (आज त्या देशाचे दोन देश झाले आहेत, आणि प्राग झेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे.) वडील ओटो, आई मारी आणि धाकटी बहीण एव्हा. आईवडिलांना एस्परांतो भाषेचे वेड होते. एस्परांतो म्हणजे जगातल्या सगळ्या माणसांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मुद्दाम तयार केलेली भाषा. घरातले वातावरण असे, मग पेटर मागे कसा राहील? त्याने एक झेक-एस्परांतो शब्दकोशच करायला घेतला.

आणि वाचन! ज्यूल व्हर्न त्याचा लाडका लेखक. समुद्राच्या तळाशी, पृथ्वीच्या पोटात, चंद्राकडे अशा सफरी घडवून आणणारा तो फ्रेंच लेखक तुमच्यापैकी कित्येकांनी मराठीतून वाचला असेल. पेटर नुसता वाचून थांबला नाही, तो व्हर्नसारख्या कादंबऱ्या लिहायला लागला. आठव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत त्याने अनेक कादंबऱ्या लिहिल्या. चित्रेही त्याचीच. त्यातली एक आजही शिल्लक आहे. तिचे नाव 'प्रागैतिहासिक काळातला पाहुणा'.

पण याच काळात हिटलरच्या जर्मनीने पेटरचा देश गिळला होता. हिटलरचा सगळा द्वेष ज्यू लोकांवर. ज्यू म्हणजे कोण, हे कोकणातल्या मुलांना वेगळे सांगायला नको. अलिबागच्या बाजूला शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक ज्यूच. ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आपल्याकडे त्यांना कुणी कधी 'तुम्ही ज्यू' म्हणून त्रास दिला नाही. युरोपात मात्र त्या वर्षांत ज्यू घरात जन्म घेणे हाच गुन्हा ठरला. ज्यू मुलांना बागेत जायला बंदी, सिनेमाला बंदी, नेहमीच्या शाळेत बंदी. सप्टेंबर १९४१ मध्ये हुकूम निघाला की प्रत्येक ज्यूने छातीवर पिवळी चांदणी शिवूनच बाहेर पडायचे. पेटर तेव्हा रोजनिशी लिहीत होता. अशा चांदणीवाली माणसे शाळेच्या वाटेवर किती भेटली ते त्याने चक्क मोजले. भरली एकोणसत्तर! आकडा त्याने रोजनिशीत टिपून ठेवला. घाबरलो, रडलो असे काही त्या पोराने तिथे लिहिलेले नाही.

पेटरचे वडील ज्यू होते, आई नव्हती. अशा घरातल्या मुलांना चौदा वर्षांची झाली की छावणीत पाठवत. त्याप्रमाणे ऑक्टोबर १९४२ मध्ये पेटरला एकट्याला तेरेझिनला जावे लागले. आईबाबा आणि एव्हा प्रागलाच राहिली. जाताना सामान मोजकेच न्यायला परवानगी. चौदा वर्षांच्या मुलाने काय घ्यावे? पुष्कळसे कागद, ठसे कोरायला लिनोलियमचे तुकडे, कोरणी आणि अर्धवट राहिलेली नवी कादंबरी!

तेरेझिन म्हणजे प्रागपासून साधारण साठ किलोमीटरवरचे एक जुने किल्ल्याचे गाव. बादशहा दुसरा जोसेफ याने ते अठराव्या शतकात बांधले आणि त्याला आपल्या आईचे, मारिया तेरेझाचे, नाव दिले. पूर्वी तिथे सात-आठ हजार माणसे राहत. १९४२ च्या सप्टेंबरात तिथे पन्नास हजारांहून जास्त कैदी कोंबलेले होते. माळे, तळघरे, बराकी सगळे भरून गेलेले. उपासमार आणि रोगराई यांनी तेहतीस हजारांच्या आसपास माणसे तिथेच गेली, आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांना तिथून पूर्वेकडच्या छावण्यांत धाडण्यात आले. तिथे काय होते, हे तेरेझिनमधल्या मुलांना ठाऊक नव्हते.

एकच प्रत निघणारे साप्ताहिक

आता, तुम्ही आत्ता हातात साप्ताहिकच धरून बसला आहात, म्हणून पुढचा भाग जरा सावकाश सांगते.

तेरेझिनमध्ये मुलांना एका जुन्या शाळेच्या इमारतीत ठेवले होते. पेटर होता पहिल्या नंबरच्या खोलीत. खोलीभर तीन-तीन मजली फळ्यांचे पलंग. त्या खोलीवर व्हाल्टर आइसिंगर नावाचे तरुण शिक्षक देखरेखीला होते. तेही कैदीच. तिथे मुलांना शिकवायला बंदी होती. तरी ते शिकवत. कुणी येतेय का ते पाहायला एखाद्या मुलाला दाराशी उभे करायचे आणि आत तास सुरू! रशियातल्या अनाथ मुलांनी आपल्या शाळेचे प्रजासत्ताक स्थापन केल्याची एक गोष्ट त्यांनी मुलांना सांगितली. झाले! पोरांनी आपल्या खोलीचेही प्रजासत्ताक करून टाकले. त्याचे नाव 'श्कीद'. झेंडा आपला, गीत आपले आणि वर्तमानपत्रही आपले. वर्तमानपत्राचे नाव 'वेदेम', म्हणजे 'आम्ही आघाडीवर'. संपादक, पेटर गिन्झ, वय वर्षे चौदा.

डिसेंबर १९४२ पासून 'वेदेम' दर आठवड्याला निघू लागले. छापखाना कुठला असणार? सुरुवातीची पाने टाइप केलेली आहेत. पुढे टंकयंत्राची शाई संपली आणि सगळा अंक हाताने लिहायची वेळ आली. आणि प्रत निघायची एकच! मग ती वाचायची कुणी? तर दर शुक्रवारी संध्याकाळी सगळी मुले खोलीत जमत आणि ज्याने जे लिहिले असेल ते तो मोठ्याने वाचून दाखवी. कविता, विनोद, पुस्तकांची परीक्षणे, सल्ले, एकमेकांच्या फिरक्या, सगळे असे. मुले टोपणनावाने लिहीत. पेटर लिही 'अकादमी' या नावाने. अंकाला मजकूर कमी पडला की स्वतःच बसून भर घाली. त्याच्या खोलीतल्या मित्रांनी पुढे त्याचे वर्णन केले आहे. खालच्या पलंगावर मांडी घालून बसलेला, भोवती दौती, पेन्सिली, कुंचले, कागद यांचा पसारा आणि घरून आलेल्या पार्सलातला उरलासुरला खाऊ.

त्याचे एक सदर फार वाचण्यासारखे होते. 'तेरेझिनमधली भटकंती' असे म्हणू या. बातमीदारासारखा तो एकेक ठिकाण पाहून यायचा. आज भटारखाना, उद्या बाळंतिणींचा दवाखाना, परवा अग्निशमन दल. आणि एकदा प्रेते जाळण्याची भट्टीसुद्धा. तिथले काम कसे चालते, किती माणसे लागतात, हे विचारून नोंदी करायचा आणि लिहायचा. असे सुमारे आठशे पानांचे 'वेदेम' त्या मुलांनी दोन वर्षांच्या आत लिहिले.

चंद्रावरून दिसणारी पृथ्वी त्याने काढली ती याच तेरेझिनच्या मुक्कामात.

एव्हालाही चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मे १९४४ मध्ये तेरेझिनला पाठवले. दीड वर्षानंतर बहीणभावंडांची भेट झाली, पण ती चारच महिने टिकली. २८ सप्टेंबर १९४४ ला पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत पेटरचे नाव लागले. निघणाऱ्या लोकांना दोरीपलीकडे अडवून धरले होते. एव्हा गर्दीतून वाट काढत दोरीपर्यंत पोचली आणि पावाचे दोन तुकडे तिने भावाच्या हातात दिले. तेवढ्यात पहारेकऱ्याने तिला हाकलले. गाडी गेली ती आउश्वित्झच्या छावणीकडे. तिथे पोचल्यावर पेटरला विषारी वायूच्या कोठडीत मारण्यात आले. तो सोळा वर्षांचा होता. आइसिंगर गुरुजीही परत आले नाहीत, आणि त्या खोलीतली बहुतेक मुलेही.

'वेदेम' मात्र राहिले. झ्देनेक ताउसिग नावाचा एक मुलगा तेरेझिनमध्येच उरला होता. त्याचे वडील तिथल्या लोहारशाळेत काम करीत. त्याने सगळी पाने तिथे लपवून ठेवली आणि युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, प्रागला आणली. एव्हा वाचली, आईवडीलही वाचले. पेटरची काही चित्रे आणि लिखाण घरी पोचले. त्यातले 'चंद्रावरील देखावा' वडिलांनी पुढे जेरुसलेमच्या 'याद वाशेम' या स्मारक-संग्रहालयाला दिले. युद्धात मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंच्या आठवणी तिथे जपल्या जातात.

चंद्रावरचे डोंगर खरे कसे?

जरा थांबू या. पेटरने काढले ते बरोबर की चूक, हे पाहायला नको का? शाळेत सांगते तसे सांगते.

आकाश काळे काढले ते अगदी बरोबर. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे भर दुपारीही आकाश काळेच. पृथ्वी मोठी दिसते हेही बरोबर. आपल्याला चंद्र जेवढा दिसतो त्याच्या जवळजवळ चौपट रुंद पृथ्वी चंद्रावरून दिसते. आणि एक गंमत. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते ना, म्हणून चंद्रावर एका जागी उभे राहिलात तर पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी टांगलेली दिसेल. उगवणे नाही, मावळणे नाही!

डोंगर मात्र चुकले. पेटरने काढलेत ते करवतीच्या दातांसारखे सुळके. चंद्रावरचे खरे डोंगर गोलसर आहेत. कोट्यवधी वर्षे बारीकसारीक उल्का आदळून आदळून ते झिजले आहेत. पण त्या काळातल्या मोठमोठ्या चित्रकारांनीही चंद्रावर असेच सुळके काढले. बघितले कुणी होते? चंद्राच्या कडेवरून पृथ्वीचा प्रसिद्ध रंगीत फोटो अपोलो-८ च्या अंतराळवीरांनी काढला तो २४ डिसेंबर १९६८ ला. म्हणजे पेटर गेल्यानंतर चोवीस वर्षांनी.

मी एकदा चौथीच्या वर्गाला हेच चित्र काढायला लावले होते. चंद्रावर बसा आणि पृथ्वी काढा! एका मुलीने पृथ्वीचा गोळा काढून त्यावर आपले घर काढले, कौलांसकट, अंगणातल्या कोंबड्यांसकट. बाकीचे हसायला लागले. तिने विचारले, "बाई, मी तिकडे गेले तर मला घरच बघावंसं वाटेल ना?" यावर काय बोलणार! तुम्हीही घरी काढून पाहा. आईबाबांनाही एकेक कागद द्या.

सोळा दिवसांची सफर

आता आपण जाऊ या २००३ सालात. अमेरिकेचे 'कोलंबिया' हे अवकाशयान १६ जानेवारीला उडाले. आत सात जण. त्यातले एक नाव तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगाल, आपल्या कर्नालची कल्पना चावला. बाकीचे रिक हसबंड, विल्यम मॅकूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क आणि इलान रामोन.

रामोन हे इस्राएलचे पहिले अंतराळवीर. मूळचे हवाईदलातले लढाऊ वैमानिक. त्यांची आई आणि आजी, दोघीही आउश्वित्झमधून जिवंत सुटलेल्या. हो, पेटरला नेले तेच आउश्वित्झ. आपण अंतराळात जाणार हे ठरल्यावर रामोन यांनी याद वाशेमला विचारले, त्या दिवसांची आठवण सांगणारी एखादी वस्तू बरोबर नेता येईल का? संग्रहालयात वस्तू हजारो. त्यातून निवड झाली पेटरच्या चित्राची. पृथ्वी सोडून जाणाऱ्या माणसाबरोबर दुसरे काय द्यायचे! मूळ कागद अर्थातच जेरुसलेमला राहिला. रामोन यांनी नेली ती त्याची प्रत.

त्यांनी आणखी एक छोटी वस्तू नेली होती. ज्यूंच्या धर्मग्रंथाची, तोराची, हातात मावेल एवढी गुंडाळी. बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत एका धर्मगुरूंनी ती योआखिम योसेफ नावाच्या मुलाला दिली होती. तो मुलगा वाचला, मोठा होऊन शास्त्रज्ञ झाला, आणि कोलंबियावरच्या धूलिकणांच्या प्रयोगाचा प्रमुख झाला. अंतराळातून बोलताना रामोन यांनी ती गुंडाळी सगळ्या जगाला दाखवली.

कोलंबियावर दिवसरात्र काम चाले. सात जणांच्या दोन पाळ्या केल्या होत्या, लाल आणि निळी. कल्पना चावला आणि इलान रामोन दोघेही लाल पाळीत, बरं का! एकाच वेळी उठायचे, एकाच वेळी कामाला लागायचे. ऐंशीच्या आसपास प्रयोग होते. सहा देशांतल्या शाळकरी मुलांनी पाठवलेले प्रयोगही त्यात होते. कुणी कोळी पाठवले, कुणी रेशमाचे किडे, कुणी मुंग्या, कुणी माशाची अंडी. इस्राएलच्या मुलांनी रसायनांचे स्फटिक वाढवायला दिले होते. पृथ्वीभोवती एक फेरी दीड तासात, अशा २५५ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत पेटरचा कागद बरोबर होता.

पण उड्डाणाच्या वेळीच एक गोष्ट बिघडली होती. उडाल्यावर ८२ सेकंदांनी बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरचा फेसाचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन म्हणाल तर पाऊण किलोच्या आसपास, उशीतल्या स्पंजसारखा हलका! पण वेग केवढा! पंखाच्या कडेला भोक पडले. खाली उतरताना यान हवेत शिरते तेव्हा ती कडा दीड हजार अंशांच्याही वर तापते. त्या भोकातून ती धग पंखात शिरली. १ फेब्रुवारी २००३ रोजी, उतरायला अवघी सोळा मिनिटे उरली असताना, टेक्सास राज्यावर सुमारे साठ किलोमीटर उंचीवर कोलंबियाचे तुकडे झाले. सातही जण गेले.

आपल्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती, साडेसातची वेळ. तुमच्या आईबाबांना विचारून पाहा, दूरदर्शनवरची ती पांढरी रेघ त्यांना नक्की आठवत असेल. निळ्या आकाशात एक रेघ, मग दोन, मग कितीतरी. चारच दिवसांनी भारताने आपल्या 'मेटसॅट' या हवामान-उपग्रहाचे नाव बदलून 'कल्पना-१' ठेवले.

आणि ती तारीख? मी लक्षात ठेवायला सांगितली होती. १ फेब्रुवारी. पेटर जगला असता तर त्या दिवशी पंचाहत्तर वर्षांचा झाला असता.

कोलंबियाबरोबर चित्राची प्रतही गेली. पण कागदाचा काही नेम नसतो. रामोन यानात रोजनिशी लिहीत होते. तिची सदतीस पाने एवढ्या उंचीवरून, त्या आगीतून खाली आली आणि दोन महिन्यांनी टेक्सासमधल्या माळावर सापडली! पावसापाण्याने भिजलेली, भोके पडलेली. जेरुसलेमच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी ती एकेक करून उलगडली, वाचली.

तिकडे प्रागमध्ये आणखीच नवल घडले. अपघाताच्या बातम्यांबरोबर पेटरचे नाव आणि त्याचे चित्र जगभर पोचले होते. ते पाहून एका माणसाला आठवले, आपण घेतलेल्या जुन्या घरात अशीच काही चित्रे आणि हाताने शिवलेल्या वह्या मिळाल्या होत्या. त्याने याद वाशेमला कळवले. एव्हाबाई तोवर इस्राएलला जाऊन चित्रकार झाल्या होत्या. त्यांनी अक्षर पाहिले आणि ओळखले. ती त्यांच्या दादाची रोजनिशी होती! सप्टेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४२ ची, चांदण्या मोजल्या होत्या तीच. एव्हाबाईंनी ती २००४ मध्ये छापून प्रसिद्ध केली. पुढे ती अनेक भाषांत गेली. ॲन फ्रँकची डायरी तुमच्यापैकी मोठ्यांनी वाचली असेल. ही तिच्या शेजारी ठेवण्याजोगी आहे. मात्र पेटर ॲनसारखा मन मोकळे करत नाही. तो टिपणे करतो. आज कोण गेले, उद्या कोण जाणार, शाळेत काय झाले, बस्स. काही जणांना ती कोरडी वाटते. मला तसे वाटले नाही.

पुन्हा एकदा वर

अंतराळवीर गेला की त्याचे स्मारक कुठे करायचे? पुतळे, शाळा, रस्ते हे तर जमिनीवर होतेच. पण त्याच्या सोबत्यांना वाटते, आपल्या मित्राची आठवण जिथे तो जायचा तिथेच न्यावी. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एक बोटाएवढी, साडेआठ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची मूर्ती ठेवली. बेल्जियमचे शिल्पकार पॉल व्हान होइडाँक यांनी ती घडवली होती. शेजारी एक पट्टी ठेवली, तिच्यावर गेलेल्या चौदा अंतराळवीरांची नावे. त्यात अमेरिकेचेही होते आणि रशियाचेही. त्या दोन देशांचे तेव्हा विळ्याभोपळ्याएवढे सख्य होते! तरी नावे एकाच पट्टीवर. ती अजून तिथेच आहे.

कोलंबियाच्या सात जणांसाठीही पुष्कळ काही झाले. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातल्या सात लघुग्रहांना त्यांची नावे दिली. ५१८२६ नंबरचा कल्पना चावलांचा, ५१८२८ नंबरचा इलान रामोन यांचा. झेक खगोलशास्त्रज्ञांना सापडलेला ५०४१३ नंबरचा लघुग्रह झाला 'पेटरगिन्झ'. झेक टपालखात्याने २००५ मध्ये पेटरच्या स्मरणार्थ तिकीट काढले, त्यावर त्याचे 'चंद्रावरील देखावा' आहे. टपालतिकिटे जमवणाऱ्यांनो, शोधून ठेवा.

पण ते अर्ध्यावर राहिलेले काम? वर गेलेला कागद खाली यायचा राहिला होता ना!

अमेरिकेचे एक अंतराळवीर आहेत अँड्र्यू फॉइस्टेल. २००० साली ते नासाच्या अंतराळवीरांत दाखल झाले, म्हणजे कोलंबियाचे सात जण त्यांचे सहकारीच. कोलंबिया पडल्यावर नासाने हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीची शेवटची मोहीम धोक्याची म्हणून रद्द केली होती. ती पुन्हा मंजूर झाली आणि मे २००९ मध्ये जे गेले त्यांत फॉइस्टेल होते. त्या वेळी दुसऱ्या तळावर एक यान सज्ज उभे करून ठेवले होते. वरच्यांना काही झाले तर त्यांना आणायला! कोलंबियानंतर शिकलेली ही सावधगिरी.

फॉइस्टेल यांच्या पत्नीचे आजोळ झेक. त्यामुळे त्या देशाशी त्यांचे नाते जावयाचे! २००९ मध्ये त्यांनी यान नेरुदा या झेक कवीचे ताऱ्यांवरच्या कवितांचे पुस्तक वर नेले. २०११ मध्ये 'एंडेव्हर' यानातून कोण गेले असेल? क्रतेक! क्रतेक म्हणजे झेक मुलांच्या कार्टूनमधला लाडका चिचुंदरीसारखा छोटा प्राणी. त्याची कापडी बाहुली अंतराळात तरंगताना पाहून तिकडची पोरे किती नाचली असतील!

आणि २०१८ मध्ये ते तिसऱ्यांदा निघाले तेव्हा त्यांच्या सामानात पेटरच्या चित्राची नवी प्रत होती. पेटरसाठी आणि ती पहिल्यांदा घेऊन गेलेल्या इलान रामोन यांच्यासाठी. २१ मार्चला बैकानूरहून ते सोयूझ यानाने उडाले आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोचले. पुढे त्या स्थानकाचे प्रमुखही झाले. ४ ऑक्टोबरला सुखरूप जमिनीवर उतरले.

हे स्थानक पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवरून फिरते, दिवसाला सुमारे सोळा फेऱ्या. सूर्य नुकताच मावळला असेल किंवा उगवायचा असेल, तेव्हा ते आपल्या गावावरूनही जाताना दिसते. विमानासारखे लुकलुकत नाही, एक ठळक पांढरा ठिपका मुकाट्याने सरकत जातो आणि पाच-सहा मिनिटांत दिसेनासा होतो. २०१८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी कुणी लहानपणी गच्चीत झोपला असाल आणि आजोबांनी "तो बघ, कसा चाललाय!" म्हणून बोट दाखवले असेल, तर त्या ठिपक्यात तेव्हा पेटरची पृथ्वी होती.